रिकाम्या स्टुलावरचा आवाज

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझी आतेबहीण प्रणिता खोटं बोलत नाही. हे गेल्या हिवाळ्यात, फरीदाबादच्या एका खाजगी हॉस्पिटलात, भरदिवसा घडलं.

प्रणिता लहान मुलांची भूलतज्ज्ञ. ऑपरेशनआधी मुलांना स्टुलावर बसवून ‘आ’ करायला लावायची. तोंड किती उघडतं, मान किती वळते, हनुवटी केवढी... श्वासाची नळी घालणं अवघड जाईल का, ते आधीच ओळखायचं.

सहा वर्षांच्या कृतिकाची हनुवटी फारच आत होती.

"आंटी, तुम्ही तिथे असणार ना? पक्का?"

"पक्का."

प्रणिताने विभागप्रमुख सुधन्वा सरांना बजावलं, "सर, हिची नळी अवघड जाणार. कॅमेरावालं यंत्र हवं. मीही हवी."

"बिल्कुल. काळजी नको करूस."

याच सरांनी तिला हे काम शिकवलं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी, "कृतिकाचं उद्यावर ढकललंय," असं सांगून सरांनी तिला आणि यंत्राला एका बड्या घरच्या पेशंटकडे पाठवलं. कृतिकाला स्वतःच भूल दिली.

नळी वेळेत बसली नाही. कृतिका टेबलावरच गेली.

तिच्या वडिलांसमोर सर शांतपणे म्हणाले, "तपासलं प्रणिताने. मला ती काहीच बोलली नाही."

प्रणिताच्या पायाखालची जमीन सरकली. दगा... तोही सरांनी!

काही दिवसांनी ती एका मुलाला तपासत होती. शेजारचं स्टूल रिकामं होतं.

तिथून आवाज आला...

"आ..."

मुलगा दिसायला ठीकठाक होता. तरी तिने यंत्र मागवलं. नळी खरंच अवघड गेली.

पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा.

प्रणिताला वाटलं, कृतिकाने आपल्याला माफ केलं. हळूहळू ती डोळ्यांपेक्षा त्या आवाजावर विसंबू लागली.

मग सरांची नात आली, उल्का. हनुवटी जरा बारीकच वाटली. प्रणिताने कान दिला...

काहीच नाही.

तिने यंत्र मागवलं नाही.

भूल दिल्यावर नळी जाईना. उल्काचे ओठ निळे पडू लागले. सिस्टर यंत्र आणायला धावली. उल्का वाचली, अगदी थोडक्यात.

सर धावत दारात आले. "प्रणिता, तू मला काहीच कशी बोलली नाहीस?"

ती सरांकडे वळली. तेवढ्यात कानाशी, अगदी जवळून...

"पक्का?"

प्रणिताने ते हॉस्पिटल सोडलं. आता ती दिल्लीत, मयूर विहारच्या एका दवाखान्यात काम करते. मी तिला भेटायला तिथे जातो, पण रिकाम्या स्टुलाकडे पाठ करून बसत नाही.