इअरमफमधली गुणगुण

गळ्याला हात लावून सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं वाटेल त्यानं आत्ताच उठून जावं!

खिळ्यांच्या कारखान्यात लंबू कामाला होता. कानांवर आवाज रोखणारे इअरमफ चढवले की त्याला आत मामाची गुणगुण ऐकू यायची. सख्खा मामा. त्यानंच लंबूला काम शिकवलं, आणि त्याच मशीनपाशी बसल्या बसल्या गेला.

लंबूनं इअरमफ भिरकावले. मशीनच्या आवाजानं एक कान अर्धा बहिरा झाला. मालक म्हणाला, "घालायचे नसतील तर घरी बस."

म्हणून आमच्या वहिनी आल्या. कारखान्यांतला आवाज मोजायचा हा त्यांचा धंदा, पण नाक खुपसायची हौस त्याहून मोठी. मागून मीटरची पेटी सांभाळत भावजी, म्हणजे त्यांचा धाकटा दीर. मामाचं रिकामं स्टूल मशीनच्या हादऱ्यानं आपोआप सरकताना बघून भावजींच्या अंगावर काटाच आला.

"कुणी चेष्टा करतंय का ह्याची?" वहिनींनी फिटरला विचारलं.

"माझे इअरमफ दिले त्याला, ताई. त्यातही तेच!"

शेजारच्या मशीनवरची मावशी म्हणाली, "मामा तेल घालताना गुणगुणायचा. लंबूला ती चाल पाठ. आम्हाला नाही बाई काही ऐकू येत."

वहिनींनी मीटरचा बारीक माइक लंबूच्या इअरमफमध्ये सरकवला. बाहेर शंभर डेसिबल, आत पंचाहत्तर. लंबू ओठ घट्ट मिटून कामाला लागला. जरा वेळानं त्याचे डोळे विस्फारले. ऐकू येतंय म्हणून बोट वर गेलं. आकडा ब्याऐंशी!

"वहिनी, मीटरलासुद्धा ऐकू येतोय तो!"

"आता तुम्ही घाला, भावजी."

"मी? अहो, मला बायकापोरं आहेत!"

तरी घातले बिचाऱ्यानं. पंचाहत्तर. आकडा हलेना.

मग लंबूला पुन्हा घालायला लावून वहिनींनी त्याला पेलाभर पाणी घटाघटा प्यायला सांगितलं. गुणगुण थांबली. पेला खाली, पुन्हा सुरू.

वहिनींनी मशीन बंद करायला लावलं.

"इअरमफ बदलले तरी आवाज येतो, म्हणजे खोट त्यांत नाही. डोकं बदललं की जातो. घोट घेताना थांबतो, कारण गिळताना कुणालाच गुणगुणता येत नाही. लंबू, ओठ मिटूनही गुणगुणता येतं रे. तूच गुणगुणतोस. उघड्या कानांना मशीनपुढे पत्ता लागत नाही, कान झाकले की आपलाच आवाज आत घुमतो."

लंबूनं गळ्याला हात लावला. बराच वेळ काढलाच नाही.

"कानात खोल बसणारे बोळे देते. त्यांत एवढं घुमत नाही."

"नको, ताई. हेच राहू देत." आणि त्यानं इअरमफ नीट चेपून बसवले.

दुसरा कान वाचला त्याचा, नोकरीही. सगळं खरं हं. फक्त पाणी पिताना गुणगुण थांबली ना, तेवढं मी पदरचं घातलं.

थांबली नव्हती.