पापिलोआचा कोपरा

तव्यांचा कुळव चालवायचा तर ओल बरोबर लागते. मूठभर माती दाबावी. गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा. बोटाला चिकटली तर सरळ घरी जावं, ट्रॅक्टर पुसावा आणि बायकोला मदत करतोय असं दाखवावं. त्या सोमवारी गोळा छान फुटला, म्हणून मी ट्रॅक्टर बाहेर काढला.

ट्रॅक्टर लहानसाच आहे. ऑस्ट्रेलियात सफरचंदं तोडायचे हंगाम करून मी तो जुना विकत घेतला आणि कंटेनरमधून टोंगाला आणला. पेनी म्हणजे मी; माझा मामेभाऊ केलेपी त्याला ‘पेनीचं शिंगरू’ म्हणतो. मागचा कुळव मात्र दणकट आहे. दोन दांड्यांवर ओवलेले धारदार पोलादी तवे, आणि ते नीट रुतावेत म्हणून चौकटीवर तारेने बांधलेले प्रवाळाचे दगड. गावात असा कुळव दुसऱ्या कुणाकडे नाही. वाडी करायची झाली की लोक माझ्या दारात येतात आणि मीही थोडा भाव खातो.

ही वाडी आमची स्वतःची, बाबांच्या हातची. ते गेले तेव्हा मी तिकडे सफरचंदांच्या बागेत होतो. ते घोड्याच्या नांगराने कोनफळं लावायचे, मधल्या जागेत कलिंगडं, आणि नीरफणसाखालचा कोपरा दरवर्षी तसाच सोडून द्यायचे. तिथे गुडघाभर गवत माजलं होतं. मला सरळ रेघ आवडते. एका गवताच्या तुकड्यासाठी वळसा घालत बसायचं हे काही मला पटेना.

केलेपी बांधावर बसून नारळ सोलत होता. “तुझा बाप तिथे नांगर घालत नसे,” तो म्हणाला.

मी म्हटलं, मुळं असतील.

“मुळं काय, सगळीकडेच असतात,” तो म्हणाला आणि पुन्हा नारळाकडे वळला.

कोपऱ्यावरून जाताना कुळव जरा उडाला, पुन्हा बसला. माती भुसभुशीत, लालसर, सुरेख पडली. घरी येऊन कुळव धुताना लक्षात आलं की उजव्या दांडीचा टोकाचा तवा नाही. नट सैल होऊन गळाला असणार. मी कुळवाने पाडलेले सगळे तास पायाने चाचपले, रस्ता पाहिला, गटार पाहिलं. केलेपीचं मत पडलं की कुणीतरी तो उचलून त्यावर मासे तळत असेल.

त्याच दुपारी नाइते शाळेतून लंगडत आली.

नाइते आमची एकुलती एक. पूर्ण नाव मेलेनाइते, पण एवढं नाव हाकारेपर्यंत ती कुठल्या कुठे पळालेली असते. उजव्या पायाची नळी दुखते म्हणाली. सूज नाही, खरचटलेलं नाही. लोसेने, माझ्या बायकोने, तेल चोळून दिलं. आठवडा संपेपर्यंत तिला पाऊल टेकवता येईना. मी तिला उचलून इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मन लावून तपासलं, फोटो काढला, रक्त पाहिलं. हाड स्वच्छ होतं, रक्त स्वच्छ होतं. असंच राहिलं तर ऑकलंडला पाठवावं लागेल, आणि पाय वाचेलच असं आत्ता सांगता येत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. त्या दिवसापासून लोसेची झोप उडाली. माझीही उडाली होती, फक्त मी डोळे मिटून पडायचो.

नाइते दुखतंय असं म्हणायची नाही. ‘ते’ म्हणायची. ते आता इथे आहे, असं म्हणून बोट ठेवायची, आणि ते बोट रोज थोडं वर, गुडघ्याकडे सरकलेलं असायचं.

“गार आहे ते, बाबा,” ती एकदा म्हणाली. “लोखंडासारखं.”

पोर आजारी असलं तरी कोनफळांची वेळ थांबत नाही. खरं सांगायचं तर घरात बसवत नव्हतं म्हणून मी गेलो. नवा तवा बसवला, नट दोनदा आवळला आणि पहिल्या तासांना तिरका छेद देत दुसरी पाळी घालायला लागलो. पाच-सहा फेऱ्या झाल्या असतील, तोच केलेपी घराकडून धावत आला. वजनदार माणूस आहे, एरवी जेवायलासुद्धा धावत नाही.

“बंद कर ते,” तो म्हणाला. “ती ओरडतेय. मग गप्प होते. मग परत ओरडते.”

“मधे किती वेळ जातो?”

त्याने माझ्या ताज्या रेघांकडे पाहिलं. एक फेरी पूर्ण व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा, हे त्याने न सांगताही मला कळलं. प्रत्येक फेरी त्या कोपऱ्यावरून जात होती.

मी यंत्रांतला माणूस आहे. बिघाड शोधायचा तर एकेक भाग वेगळा करून पाहावा. केलेपीला मी घरी पाठवलं आणि फोन चालू ठेवायला सांगितलं. मग कुळव उचलून, तवे अधांतरी ठेवून, ट्रॅक्टर कोपऱ्यावरून नेला. “गप्प आहे,” फोनमधून केलेपी म्हणाला. परत नेला. “गप्पच आहे. झोपल्यासारखी.” आता तवे खाली टेकवून एकदा जायचं, की खात्री झाली. कुळव खाली सोडायचा दांडा माझ्या हाताखाली होता. तो खाली ढकलायचा मला धीर झाला नाही. मी इंजिन बंद केलं आणि फुसीपाला आत्याला आणायला गेलो.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. आमच्यात आत्यापुढे कुणाचं चालत नाही; बाबाही तिच्यासमोर हळू आवाजात बोलायचे. ती वाडीत आली, कमरेला गुंडाळलेली मानाची चटई घट्ट केली आणि कोपऱ्याच्या कडेपर्यंत चालत गेली.

“बापाने सांगितलं नव्हतं तुला?”

“मी इथे नव्हतो, आत्या.”

“मग मला विचारायचं होतंस.” तिने माझ्या तासांवरून नजर फिरवली. “रेघा मात्र सरळ आल्यात हो.”

तिथे पापिलोआ पुरलेली होती, आत्याने सांगितलं. आत्याची आत्या, माझ्या आजोबांची बहीण; तिची टाच दारात वाजली की आत्या लहानपणी चटईवर उतरून मान खाली घालायची. तिला चर्चच्या आवारात पुरून घ्यायचं नव्हतं, आपल्या लावणीच्या कडेला राहायचं होतं. तिच्यावरच्या पांढऱ्या वाळूच्या ढिगात बाबा दरवर्षी भर घालायचे; लहानपणी मला तो नुसता वाळूचा ढीग वाटायचा. बाबांनंतरच्या वादळात समुद्र वाडीत शिरला आणि ढीग घेऊन गेला. उरलं गवत.

मेलेल्याच्या हाडात मूळ शिरलं की त्याच्या रक्ताच्या माणसाला नेमकं तिथेच दुखतं. खोदावं, मूळ कापावं, हाडाला तेल लावून पुन्हा गुंडाळून ठेवावं. आमच्याकडे हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. मीही ऐकलं होतं, आणि ऑस्ट्रेलियात बिअर पिताना त्यावर हसलोही होतो. मुळं वाढतात, माणसांचे सांधे दुखतात, दोन्ही आपापल्या जागी होतच असतं, असं माझं मत.

“पहाटे खोद,” आत्या म्हणाली.

उजाडायच्या आत केलेपीने आणि मी सुरुवात केली. आत्या झाडाच्या सालीचं कापड आणि तेलाची बाटली घेऊन काठावर बसली होती. वरची वीतभर माती भुसभुशीत, माझ्या कुळवाने केलेली. तिच्याखाली जमीन घट्ट लागली, कित्येक वर्षांत कुणी न हलवलेली. फावडं ठणठण वाजायला लागलं. मी प्रत्येक थर बघत होतो, कारण मला मूळ सापडायला हवं होतं. मूळ सापडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

छातीइतकं खोल गेल्यावर पांढरी वाळू लागली. सलग थर होता. चादर अंथरल्यासारखा, एकही चीर नाही.

“आता हातांनी,” आत्या म्हणाली.

वाळू बाजूला केली. जुन्या कापडाच्या चिंध्या. पायाची हाडं.

उजव्या नळीच्या हाडात तवा उभा होता.

तो माझाच होता. प्रवाळावर आपटून त्याच्या कडेचा टवका उडाला होता, तो मी स्वतः कानशीने घासला होता. ती जागा समोर दिसत होती. फक्त सगळ्या तव्यावर गंज चढला होता, जाड, पापुद्र्यांचा, वर्षानुवर्षं मातीत राहिलेल्या लोखंडावर चढतो तसा.

केलेपी खड्ड्यातून वर चढला आणि पाठ करून उभा राहिला.

माझा कुळव वीतभर जातो. त्याहून खोल जातच नाही. हे मी मोठ्याने बोललो असेन, कारण आत्या म्हणाली, “बरं. आता काढ.”

मी दोन्ही हातांनी धरला. हलेना.

हाडाने त्याला पकडलं होतं. नुसता रुतला नव्हता. खाचेच्या दोन्ही काठांवर हाड चढलं होतं, जिवंत माणसाचं मोडलेलं हाड जुळताना चढतं तसं. माझा हात मोडला होता तेव्हा डॉक्टरांनी मला फोटोत ते दाखवलं होतं.

आत्या खाली उतरली. हाडावर तेल ओतलं, बोटांनी चोळलं, आणि लहान मुलीच्या आवाजात काहीतरी पुटपुटली. मला एवढंच ऐकू आलं, “पोर आहे हो. सोडा.”

तवा माझ्या हातात आला.

खिशातला फोन वाजला. लोसे होती.

“बसली,” ती म्हणाली. “उठून बसली, आणि भूक लागलीय म्हणते.”

मी त्या खड्ड्यातच बसकण मारली आणि लहान मुलासारखा रडलो. केलेपी वरून म्हणाला की आता बाहेर ये, नाहीतर तुलाही गुंडाळावं लागेल. मला इतकं हसू आलं की आत्याने माझ्या पाठीत चापट मारली. आम्ही हाडं सालीच्या कापडात बांधली, खड्डा बुजवला आणि समुद्रावरून गाडीभर वाळू आणून ढीग घातला. त्या सकाळी मला सगळं जग चांगलं वाटत होतं. वळसे घालायचे तर घालू, आयुष्यभर घालू.

नाइते त्याच संध्याकाळी भिंतीला धरून उभी राहिली आणि दोन-तीन दिवसांत चालायला लागली. डॉक्टरबाईंनी पाय वाकवून, दाबून पाहिला आणि खूश होऊन तिला घरी पाठवलं. घरात ती जरा सावकाश चालायची. टाच आधी टेकायची, क्षणभर थांबायची, एक हात कमरेमागे. दुखण्यातून उठलेलं पोर, चालेल तसं चालू दे, असं मी म्हटलं. पाय वाचला होता, यापुढे मला काही नको होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर आत्या जेवायला आली. खुर्चीवर ती बसली, आम्ही सगळे खाली चटयांवर. आत्या वर आणि बाकीचे खाली, असंच आमच्यात बसतात. लोसेने भट्टीतून काढलेली अळकुडी आणि डुकराचं मांस मांडलं. तेवढ्यात नाइते स्वयंपाकघरातून आली, टाच टेकत, थांबत, कमरेमागे हात.

आत्याचा घास हातातच राहिला. मग गुडघ्यांवर हात रोवून ती हळूहळू खुर्चीवरून उतरली, चटईवर बसली आणि मान खाली घातली. तिला कुणापुढे खाली बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

नाइते तिच्याजवळून गेली आणि जाताजाता तिने आत्याच्या डोक्यावर तळवा ठेवला. आत्याच्या डोक्याला तिची स्वतःची मुलंही हात लावत नाहीत.

मग अंगणातून पोरांनी हाक मारली आणि नाइते दारातून सुसाट पळाली, अगदी पूर्वीसारखी. ती ओरडत होती, हसत होती, सगळ्यांच्या पुढे होती. ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. आत्याला मी म्हटलं, वर बस आता, आणि खुर्ची तिच्याकडे ओढायला गेलो.

“राहू दे,” आत्या हळू आवाजात म्हणाली. “ती आत आली की बसेल.”