पांढऱ्या भुकटीखालचं चाक

टायरला एकही छिद्र नव्हतं. कस्तुरीने तो दोनदा तपासला होता. तरी गेले चार दिवस रोज सकाळी त्यातली हवा निम्म्यावर आलेली असायची.

टायर होता फिरत्या डायलिसिस गाडीचा. (डायलिसिस म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करेनाशी झाली की यंत्राने रक्त शुद्ध करणं.) सन २०५२ मध्ये किनाऱ्यावरच्या रुग्णांना त्यासाठी शहर गाठावं लागत नसे, यंत्रच त्यांच्या अंगणात येई. कस्तुरीची आई, शुभदा मुणगेकर, अशी एक गाडी चालवायची आणि तिच्यातलं यंत्रही हाताळायची. मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून बारा वर्षांची कस्तुरी तिच्यासोबत फिरत होती.

त्या सोमवारी तोंडवळीला पोचायला त्यांना तीन तास उशीर झाला. हवा भरण्यासाठी वाटेत दोनदा थांबावं लागलं. त्यांचे तिथले रुग्ण, बाबल तांडेल, अंगणात खुर्ची टाकून वाट बघत बसले होते. त्यांनी सगळं आयुष्य होड्या बांधण्यात घालवलं होतं. आज त्यांचे पाय सुजले होते आणि बोलताना धाप लागत होती. ते रागावले नाहीत. "इलात मां, झाला तर," एवढंच म्हणाले. पण नळी जोडताना आई त्यांची पुन्हा पुन्हा माफी मागत होती. कस्तुरीने ते कधी पाहिलं नव्हतं.

"बुधवारच्या फेरीला उशीर होऊन चालणार नाही," काम संपल्यावर आई म्हणाली. "आधीच्या आठवड्यात एक चाक असंच गळायला लागलं, त्याच्या जागी स्टेपनी लावली. आता हे दुसरं. आणखी जादा चाक नाही आपल्याकडे, आणि नवीन यायला तीन आठवडे लागतील."

म्हणून त्यांनी गाडी सावकाश कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत नेली. तिथे डॉ. इंदुमती तळवणेकर, म्हणजे सगळ्यांच्या इंदूआजी, यांची कार्यशाळा होती. तीस वर्षं धातूंवर संशोधन करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता खराब झालेली चाकं पुन्हा वापरण्याजोगी करत. त्यांचा मदतनीस एक यंत्रमानव होता. त्याच्या हातांना रबर लावलेल्या दोन-दोन पकडी होत्या, म्हणून सगळे त्याला चिमटा म्हणत.

चिमट्याने दोन्ही चाकं टेबलावर ठेवली. इंदूआजींनी कस्तुरीच्या हातात साबणाच्या पाण्याचा वाडगा आणि एक ब्रश दिला.

"छिद्र नाही म्हणतेस, तर हवा जाते कुठून? शोध बघू."

कस्तुरीने चिमट्याला सोमवारी गळलेल्या टायरमध्ये हवा भरायला सांगितलं आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावलं. नक्षीवर काही नाही, बाजूला काही नाही, हवा भरायच्या नळीशीही काही नाही. मग तिने ब्रश टायर आणि चाक जिथे एकमेकांना भिडतात त्या कडेवरून फिरवला. तिथे बारीक बारीक बुडबुडे वर येऊ लागले. एका जागी नव्हे, वीतभर लांबीत.

"इथून," ती म्हणाली. "म्हणजे टायर फाटलेला नाहीच. तो चाकाला नीट चिकटून बसत नाहीये."

"बरोबर. आता का ते बघू."

चिमट्याने टायर उतरवला. चाकाच्या कडेवर पांढऱ्या, खरबरीत पापुद्र्यांची रांग होती. कस्तुरीने बोट फिरवलं, तशी चुन्यासारखी भुकटी बोटाला लागली.

"हे चाक मिश्रधातूचं आहे," इंदूआजी म्हणाल्या. (मिश्रधातू म्हणजे एकापेक्षा जास्त घटक वितळवून एकजीव केलेला धातू.) "यात बहुतेक ॲल्युमिनियम आहे, थोडं सिलिकॉन, थोडं मॅग्नेशियम. ॲल्युमिनियमची एक गंमत आहे. त्याला हवा लागली की हवेतला ऑक्सिजन त्याच्याशी जोडला जातो आणि वर एक पापुद्रा तयार होतो. केसाच्या जाडीचा दहा हजारावा भागही नाही इतका पातळ. पण तो इतका घट्ट असतो की आतल्या धातूला झाकून ठेवतो. ओरखडा काढलास, तर क्षणात नवा पापुद्रा तयार."

"मग हे खराब का झालं?"

"तूच सांग. तुमची गाडी कुठून फिरते?"

कस्तुरीच्या डोळ्यांसमोर समुद्राकाठचा रस्ता आला, गाडीच्या काचांवर रोज बसणारा चिकट थर आला. "मीठ," ती म्हणाली.

"मीठ. त्यातला क्लोराइड नावाचा घटक त्या पापुद्र्याला एखाद्या ठिकाणी भेदतो आणि पुन्हा जुळू देत नाही. मग तिथे ओलाव्यात धातू झिजून त्याची ही भुकटी होते. आणि भुकटीला धातूपेक्षा जास्त जागा लागते. दोघांच्या बाकावर चौघं बसले की काय होतं?"

"कडेचा ढकलला जातो."

"तसा रंग ढकलला जातो, आणि इथे टायरची कड ढकलली गेली. झाली फट."

कस्तुरीला इतका आनंद झाला की तिने ती भुकटी आईला नेऊन दाखवली. चार दिवसांचं कोडं तिच्या बोटावर होतं.

तोवर चिमट्याने दुसऱ्या चाकाचाही टायर उतरवला होता, त्याच्या कडेवरही तशीच भुकटी होती. पण चिमटा म्हणाला, "दुसऱ्या चाकाचा बाहेरचा भाग फार चांगला आहे. गाडीच्या नोंदीप्रमाणे हे चाक समुद्राकाठी खूप फिरलंय, तो इतका चांगला असायला नको."

कस्तुरीचा चेहरा उतरला. आधी गळायला लागलेलं ते चाक होतं. गेल्या महिन्यात त्याच्यावर तिला पांढरे डाग दिसले होते, रंगाखालून अळी सरकत गेल्यासारख्या वाकड्यातिकड्या रेघाही दिसल्या होत्या. आईला खूश करावं म्हणून तिने चंदेरी रंगाचा डबा आणला होता आणि सगळं झाकून टाकलं होतं.

"मी रंगवलं," ती हळूच म्हणाली. "खाली मीठ आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्यामुळे झालं का हे? बाबल आजोबांना माझ्यामुळे थांबावं लागलं?"

आई काही बोलणार होती, पण इंदूआजींनीच उत्तर दिलं. "दोन्ही चाकांची गळती टायरखालच्या आतल्या कडेची आहे, तिथे तुझा ब्रश पोचलाच नाही. तेव्हा तुझ्यामुळे नाही. पण तुझ्या रंगाखाली मीठ आणि ओलावा कोंडून राहिले आणि त्यांचं काम चालू राहिलं. शिवाय वरून दिसेनासं झालं. तू सांगितलंस ते फार बरं केलंस, कारण आता या चाकाकडे मी वेगळ्या नजरेने बघणार आहे."

पुढचे दोन तास कस्तुरी एका जागी उभी राहिली नाही. आधी दोन्ही चाकं रंग सोडवणाऱ्या द्रावणात बुडवली. मग चिमट्याने ती काचेच्या बंद पेटीत ठेवली आणि हवेच्या जोराने त्यांच्यावर बारीक काचमणी मारले. पांढरे पापुद्रे उडाले, खालचा करडा धातू उघडा पडला. ठिकठिकाणी सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसत होते.

"आता रंगवायचं?" कस्तुरीने विचारलं.

"आधी याच्या जिवाची चौकशी करू." इंदूआजींनी दोन्ही चाकांना लालभडक द्रव लावला. वीस मिनिटांनी तो पुसून काढला आणि वरून पांढरी पूड फवारली. "धातूला चीर असेल, तर लाल द्रव तिच्यात शिरून बसलेला असतो. पूड त्याला टिपकागदासारखी बाहेर ओढते."

सगळे वाकून बघू लागले. कस्तुरीने रंगवलेल्या चाकाच्या एका आरीपाशी, (आरी म्हणजे चाकाचा मधला भाग आणि कड यांना जोडणारा दांडा), पांढऱ्यावर एक लाल रेघ हळूहळू उमटली. बोटभर लांब, केसाएवढी बारीक.

"वेल्डिंग करून जोडता नाही येणार?" आईने विचारलं.

"वितळवून जोडता येईल, दिसेलही छान. पण हे चाक कारखान्यात विशिष्ट तऱ्हेने तापवून, थंड करून कणखर केलेलं असतं. जोडताना आसपासचा कणखरपणा जातो. वळणावर भार आला की ते पुन्हा तुटेल, आणि गाडीत तुम्ही असाल. हे चाक मी परत देणार नाही."

आईने बोटांवर चाकं मोजली. गाडी चालायला चार चाकं हवीत. स्टेपनी धरून तीन होती. सगळं आता सोमवारी गळलेल्या चाकावर होतं. कस्तुरी त्याच्यावर इतकी वाकली की तिच्या नाकाला पूड लागली. एक मिनिट गेलं, पाच गेली, दहा गेली. खड्ड्यांच्या जागी लाल ठिपके आले, पण रेघ कुठेच आली नाही. चिमट्याने कॅमेरा फिरवून फिरवून पाहिलं.

"चीर नाही," तो म्हणाला. "खड्डे उथळ आहेत."

आईने खुर्ची ओढली आणि त्या दिवसात पहिल्यांदा निवांत बसली.

चिमट्याने टायर बसायची कड घासून गुळगुळीत केली. मीठ राहू नये म्हणून चाक शुद्ध पाण्याने तीनदा धुतलं, तिसऱ्यांदा कस्तुरीने. रंग घट्ट धरावा यासाठी एका रसायनाचा हात दिला. आणि मग रंगाची वेळ आली तेव्हा तिने डबा शोधला, तर डबाच नव्हता. होती कोरडी पूड. चिमट्याने नळीतून ती उडवली आणि पुडीचा ढग चाकाकडे ओढला जाऊन चाकाच्या मागच्या बाजूलासुद्धा चिकटला.

"पुडीच्या कणांना विद्युतभार दिलाय," इंदूआजी म्हणाल्या. (केसांवर घासलेला फुगा कागदाचे कपटे ओढतो, तो विद्युतभारामुळे.) "आता भट्टीत पूड वितळेल आणि चाकावर सलग कातडी तयार होईल. पण भट्टी एकशे ऐंशी अंशांच्या फार वर न्यायची नाही. का?"

"नाहीतर कणखरपणा जाईल," कस्तुरी म्हणाली. त्यांना उत्तराची वाट बघावीच लागली नाही.

मंगळवारी दुपारी चाकावर टायर चढला. कस्तुरीने स्वतः कडेला साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. चीर पडलेलं चाक वितळवायला जाणार होतं. ॲल्युमिनियम पुन्हा पुन्हा वितळवता येतं आणि खनिजापासून नवं बनवण्याच्या मानाने त्याला ऊर्जा अगदी थोडी लागते. त्यातून कोणाचं तरी नवं चाक होईल, असं इंदूआजी म्हणाल्या.

निघताना त्यांनी कस्तुरीला चाकाच्याच धातूच्या, तळहाताएवढ्या दोन पट्ट्या दिल्या.

"एकीवर नेहमीचा रंग आहे. दुसरीवर मी बनवते आहे तो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या मिसळल्या आहेत. ओरखडा पडला की त्या फुटाव्यात आणि आतल्या द्रवाने ओरखडा बुजवावा, असा माझा प्रयत्न आहे. जमलंय की नाही, मला माहीत नाही. खाऱ्या हवेत रोज लक्ष ठेवणारं माणूस हवंय."

असं माणूस कस्तुरीला माहीत होतं.

बुधवारी गाडी बरोबर आठ वाजता तोंडवळीच्या अंगणात उभी राहिली. रक्त शुद्ध होत असताना कस्तुरीने बाबल तांडेलांना सगळं सांगितलं. मीठ, भुकटी, लाल रेघ, सगळं. त्यांनी जन्मभर होड्यांचे खिळे खाऱ्या पाण्यात झिजताना पाहिले होते. त्यांनी तिला मध्येच थांबवून इतके प्रश्न विचारले की आईला हसू आलं. दोन्ही पट्ट्यांवर कस्तुरीने खिळ्याने सारखाच ओरखडा काढला आणि काम संपल्यावर तांडेलांनी त्या होड्यांच्या धक्क्यावरच्या खांबाला बांधल्या.

तिसऱ्या शुक्रवारी गाडी आली तेव्हा ते खुर्चीत नव्हते. काठी टेकत टेकत धक्क्यावर गेले होते.

"कस्तुरी, इकडे ये," त्यांनी हाक मारली. "एकीवर पांढरी भुकटी फुटलीय. दुसरीचा ओरखडा मला सापडतच नाहीये. तुझे डोळे तरुण आहेत, बघ जरा."

कस्तुरी धावत सुटली.