विळीच्या पाटाची मूठ

ही गोष्ट खरी आहे असं मी म्हटलं, तर अख्ख्या ढाणकीत एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. ठेवणारा भेटलाच, तर त्याला आधी दवाखान्यात न्यावं लागेल. तरी सांगतो, पोरांनो. तीनही दिवस मी, बळीराम, तिथं होतो. रजतच्या टिनाच्या शेडात, युरियाच्या रिकाम्या पोत्यांवर बसून सगळं या डोळ्यांनी पाहिलंय.

मे महिना होता. ऊन असं, की कावळीनं पाण्याच्या टाकीवर अंडं घातलं ते उकडूनच निघालं. हसता काय? सोलून मीच खाल्लं. मीठ नव्हतं, एवढीच खंत.

रजत म्हणजे मारोतरावांचा धाकटा. घरची कापसाची, सोयाबीनची शेती, पण पोराचा जीव चाकूच्या मुठींत. वाळकी बोंडं, कापूस वेचल्यावर उरलेल्या पऱ्हाटीच्या काड्या, सीताफळाच्या बिया... आपण जे चुलीत घालतो, ते हा साच्यात मांडायचा आणि वरून रेझिन ओतायचा. ओतताना मधासारखं, वाळलं की काचेसारखं. मग कापायचं, घासायचं, झाली मूठ. लांबलांबचे लोक कुरिअरनं मागवत. मारोतराव म्हणायचे, "पोरगं पऱ्हाटी इकून राह्यलं. कापूस मंग फेकूनच देतो मी."

तर त्या मंगळवारी समोरच्या सुताराच्या दारात एक मुलगी आली. उमरखेडच्या वकिलांची मिताली. हातात एक काळपट फळी. सुतारानं फळी अंगठ्यानं दाबली, तर अंगठा आरपार.

"जाळून टाका ताई. वाळवीनं खाल्ली ही," तो म्हणाला.

मुलीचा चेहरा असा उतरला, की रस्त्याच्या अलीकडून आमच्या रजतला राहवलं नाही.

"टाकू नका जी. मले दाखवा."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हातभर भुसा, केसांत भुसा, पापण्यांवरही भुसा.

"जळण गोळा करता का तुम्ही?"

"नाही जी. हिच्यात भोकं हायेत ना... तेच तं पाह्यजे."

तो तिच्या आजीच्या विळीचा पाट होता. आंब्याचं लाकूड. त्याच पाटावर शेजारी बसवून आजीनं तिला भाजी चिरायला शिकवलं होतं. आजी मार्चमध्ये गेली. पाट माळ्यावर पडून होता, तो खाली काढला तेव्हा वाळवीनं एवढाच ठेवला होता. मितालीला गोव्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकाची नोकरी लागली होती, गुरुवारी चारची नांदेडची बस. तिच्याजवळ सुरीचं एक चांगलं पातं होतं. त्याला आजीच्या पाटाची मूठ हवी होती.

रजतनं फळी उजेडात धरली. "दोन तुकडे निघतील. मुठीले एकच लागते, दुसरा राहू द्या जवळ."

"आणि बिघडली तर?"

"बिघडत नसते," आमचा शहाणा म्हणाला.

फळी पहिल्यापासूनच खडखडीत वाळलेली, त्यामुळे त्याच दुपारी काम सुरू झालं. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर पडला की घड्याळ सुरू होतं. वीस मिनिटं, आणि आमच्या उन्हात त्यांचीही पंधरा. तेवढ्यात ओतलं तर ओतलं. म्हणून शेडात त्या वेळी कोणी बोलायचं नाही, असा रजतचा नियम. दुसरा नियम त्याहून कडक... कूलर लावायचा नाही. मी त्या शेडात दोनदा बेशुद्ध पडलोय, पण या पोरानं कधी बटण दाबलं नाही.

मिताली स्टुलावर बसून साच्याकडे पाहत होती. तिच्या कानशिलावरून घामाचा एक थेंब निघाला. गालावर आला, हनुवटीपाशी थांबला. रजतनं त्या थेंबाचा सगळा प्रवास पाहिला. मग उठला, कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं आणि तो लावला.

वाळ्याचा ओला वास शेडभर पसरला. तिच्या कपाळावरची बट उडाली. तिनं डोळे मिटले... आणि हा रेझिन ओतायचं विसरून तिच्याकडे बघत उभा. मी खाकरलो, तेव्हा कुठं ओतलं.

बुधवारी सकाळी साचा उघडला.

आत ताक होतं. म्हणजे ताकासारखं पांढुरकं, गढूळ. आजीचं लाकूड आत कुठंतरी बुडालेलं, मोतीबिंदू पडलेल्या डोळ्यासारखं.

मितालीनं तो ठोकळा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, बिघडत नसते."

"म्हटलं होतं."

ती भिंतीवरच्या फळीकडे गेली. तिथं ओळीनं ठेवलेले ठोकळे, एकूणएक नितळ. एकेक हातात घेऊन ती उजेडात धरू लागली.

"हे इथेच केलेत?"

"हो जी."

"याच उन्हात?"

"हो."

"मग माझाच काहून बिघडला?" पहिल्यांदाच वकिलांच्या घरची शुद्ध मराठी निसटून आमची बोली आली तिच्या तोंडी.

ती वळली. कूलरच्या बटणावर चार वर्षांची धूळ, आणि त्या धुळीत एका बोटाचा ताजा ठसा. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काकाजी, हा कूलर रोज चालतो का?"

आता मला खोटं बोलता येत नाही, हे तुम्ही जाणताच. म्हटलं, "माय, याच्यात पाणी पडलेलं मी कालच पाह्यलं."

"का लावलात?" तिनं रजतला विचारलं.

तो साच्याच्या कडेवरचा न दिसणारा कण नखानं खरवडत राहिला. "तुमाले घाम आलता."

"आणि त्यानं हे होतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. कूलरची हवा ओली. रेझिन ओल धरते अन् पांढरं पडते." जरा थांबून म्हणाला, "तवा... ध्यानातच नाही राह्यलं."

ती तशीच बाहेर निघून गेली. स्कूटीची चावी फिरल्याचा आवाज आला. रजत खाली बसला, डोकं हातात धरून. मी म्हटलं, गेली. पाटही गेला, पोरगीही गेली. पण स्कूटी काही सुरू झाली नाही. डिकी उघडून मिताली परत आली आणि दुसरा तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवला. वीतभर, भोकाभोकांचा. शेवटचा.

"आज कूलर लावलात, तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही."

"अन् नाही लावला तं?"

"बघू."

आता दुसरंच संकट. कूलर नाही म्हटल्यावर शेडात सेहेचाळीस डिग्री. एवढ्या तापात रेझिन एकदम ओतलं, तर ते स्वतःच उकळतं, धूर सोडतं, तडकतं. म्हणून पातळ पातळ थर द्यायचे. एक थर, मग दीड तास वाट. असे चार. दुपारभर ती दोघं एका साच्याच्या दोन बाजूंना बसून राहिली. पंखासुद्धा बंद, धूळ नको म्हणून.

"गोव्यात इतकं ऊन नसंल," रजत म्हणाला.

"समुद्र असतो तिथं. हवा ओली असते."

"मंग तिथं मूठ नाही करता येत."

"मला काय, आता एकच हवी आहे."

"हो, ते बी खरं..."

चौथ्या थराला दगा झाला. प्याल्यातलं रेझिन ढवळता ढवळता गरम झालं, धुराची बारीक रेघ निघाली. एक-दोन श्वासांत ओतलं नाही, तर प्यालाच दगड. रजतनं प्याला साच्यावर आणला आणि त्याचा हात लटलट कापायला लागला. मितालीनं पुढं होऊन त्याचं मनगट धरलं.

"कापतोय हात."

"तू धरला म्हून."

तू. कालपासूनचं तुमी-तुमाले त्या एका शब्दात संपलं.

"सोडू?"

"नको."

दोघांनी मिळून ओतलं. भोकांतून बुडबुडे वर आले, फुटले. एक मात्र ऐन मधे अडून बसला. ती फुंकायला वाकली.

"फुंकू नको, श्वासात बी ओल असते."

तिनं केसांतली पिन ओढली. केस सगळे खांद्यावर आले. पिनेच्या टोकानं तिनं तो बुडबुडा हळूच काठाशी आणला, फोडला. मग मान वर न करता म्हणाली, "इकडे नको बघू. साच्यात बघ."

"साच्यातच पाहून राह्यलो."

"खोटं."

गुरुवारी साचा उघडला तेव्हा मी श्वास धरला होता, तो अजून सोडायचाय. नितळ. वाळवीनं खाल्लेल्या वाटा आत अशा दिसत होत्या, जशी टेकडीवरून पैनगंगा दिसते, वळणावळणांची. रजतनं मूठ कापली, घासली, पात्याला बसवली. मितालीनं ती हातात घेतली आणि तोंड फिरवलं. ती का रडली, हे मी विचारलं नाही.

आणि मग चारची बस. आता पुढचं ऐका, हे तर कोणीच खरं मानणार नाही. बस सुटली, तसा आमचा रजत तिच्यामागं धावला. चार किलोमीटर. अनवाणी, तापल्या डांबरावरून. खेमसिंग ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि असा करकचून ब्रेक मारला, की मागच्या सीटवरची कोंबडी पुढच्या सीटवर आली. रजतनं मितालीची खिडकी धरली, दम खाल्ला आणि भर रस्त्यात असा शेर म्हटला, की अख्खी बस वाहवा करत...

"काकाजी, किती खोटं बोलता."

मी मागं वळून पाहिलं. शेडाच्या दारात मिताली उभी होती. गळ्यात मंगळसूत्र, हातात चहाचा ट्रे.

"पहिले दोन दिवस खरे आहेत," तिनं माझ्यासमोर बसलेल्या पोरांना सांगितलं. "गुरुवारी काकाजी ढाणकीत नव्हतेच, राजूरला लेकीकडे गेले होते. आणि बसमागे कोणी धावलं नाही. हा रजत माझा निरोपसुद्धा न घेता इथं दार लावून बसला होता. मीच फाट्यावर उतरले, ऑटोनं परत आले, दार वाजवलं आणि विचारलं, गोव्याहून परत आले तर लग्न करशील का माझ्याशी. आतून आधी काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग म्हणतो, 'हो. थांब, शर्ट घालून येतो.'"