बिघडलेले नग

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा चुकीचे स्क्रू विकत घेत होता.

हार्डवेअरच्या दुकानात काउंटरपाशी उभा. एका हातात दाराची कडी, दुसऱ्या हातात स्क्रूची पुडी आणि चेहऱ्यावर आपल्याला सगळं समजतंय असा भाव. बाहेर बारीक पाऊस लागून राहिला होता. दुकानात ग्रीसचा, लोखंडाचा आणि ओल्या पोत्यांचा मिळून एक वास भरला होता. मला तो वास आवडतो. कुणाला सांगत नाही.

"हे पुरणार नाहीत," मी म्हणाले.

त्याने वळून पाहिलं. "मला म्हणालात?"

"नाही, कडीला."

तो हसला नाही, पण ओठाचा एक कोपरा जरासा हलला.

"जुनं दार आहे ना?" मी विचारलं. "लाकूड भुसभुशीत झालेलं असतं. हा स्क्रू पहिल्या धक्क्याला बाहेर येईल. लांब घ्या. आणि आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर फळी चिरेल."

"तुम्ही सुतारकाम करता?"

"फिजिक्स शिकवते."

"अरे वा! मग किती जोर लावला की कडी निघेल, तेही सांगता येईल?"

"दार दाखवलंत तर सांगेन की," मी म्हणून बसले आणि लगेच जीभ चावली. दुकानदारकाका उगाचच खोकले.

"नवीनच आलोय इथे," तो पुडी परत करत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "दार दाखवण्याइतकी ओळख... अजून कुणाशी झाली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या शाळेच्या व्हरांड्यात उभा होता. काखेत फाइल, गळ्यात सरकारी ओळखपत्र. तो तपासनीस होता.

आमची शाळा सरकारी. मागच्या अंगाला मोठी खोली, तिच्यात राज्याच्या अनुदानातून उभं राहिलेलं व्यवसाय शिक्षण केंद्र : लोखंड कातायचा एक लेथ, सुतारकामाची टेबलं, वायरिंगचे फळे आणि कोपऱ्यात वेल्डिंगच्या दोन जागा. अनुदान पहिलं एकच वर्ष मिळतं. मग तपासणी होते. अहवाल चांगला गेला तर पुढची तीन वर्षं मिळतात, नाहीतर यंत्रं ट्रकमध्ये चढतात आणि दुसऱ्या शाळेत जातात. केंद्र माझ्याकडे होतं. ते गेलं असतं तर माझी नोकरीही गेली असती, पण मला घोर होता तो वेगळाच.

माझा दादा वेल्डिंग करतो. शाळा सुटल्यावर रस्त्याकडेच्या एका शेडमध्ये बघून बघून शिकला. डोळ्यांवर काच धरायची असते, हे त्याला पहिले कित्येक महिने कुणी सांगितलंच नाही. आता त्याला समोरच्या माणसाचा चेहरा धुरकट दिसतो. आमच्या केंद्रातली मुलं पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकतात ती काच धरायची. मला ते केंद्र हवं होतं ते एवढ्यासाठी.

तपासणी येणार म्हटल्यावर आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पदर खोचला होता. भिंती रंगवल्या, लेथ घासूनपुसून लखलखीत केला, टेबलांवर नव्या फळ्या ठोकल्या. आणि मुलांना ताकीद दिली : साहेब जाईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मुलं हात स्वच्छ धुऊन बाहेर ओळीत उभी होती.

तपासनिसाने लेथच्या खालून बोट फिरवलं. बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं. मग त्याने टेबलावर तळहात टेकवला.

"एकही ओरखडा नाही," तो म्हणाला.

"नवी फळी आहे ना," मोठ्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

कपाटात मुलांनी केलेल्या वस्तू मांडल्या होत्या. स्टूल, दिवा, लोखंडी ब्रॅकेट. एकाहून एक सुबक.

"छान आहेत," तो म्हणाला. "बिघडलेले कुठे आहेत?"

"काय बिघडलेले?"

"नग. वाकडे, तुटके, जळलेले. वर्षभरात मुलांच्या हातून फुकट गेलेलं काम."

मोठ्या बाई हसल्या. "आमच्याकडे असं काही बिघडत नाही हो, साहेब."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला खाली बघावं लागलं. ते सगळे नग मीच पोत्यांत भरून भंगारात दिले होते. मला त्यांची लाज वाटली होती.

"काहीच बिघडत नसेल," तो हळू आवाजात म्हणाला, "तर इथे कुणी शिकतही नसेल."

तो निघाला तशी मी जिन्यापाशी त्याला गाठलं.

"काल दुकानात तुम्ही माझं ऐकलंत. आज एक शब्द विचारला नाहीत."

"काल तुम्ही जे आहे ते सांगत होतात."

कुणी तोंडात मारावी तसं झालं. राग आला आणि तो टिकेना, कारण त्याचं बरोबर होतं. प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात की नकोशी निरीक्षणं खोडायची नसतात. मी ती पोत्यात भरली होती.

"मला जे दिसलं, तेच लिहावं लागेल," तो म्हणाला. मग फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "पण नियमात दुसरी भेट असते. न कळवता."

"कधी?"

"न कळवता म्हणालो ना..."

आणि ओठाचा तो कोपरा पुन्हा जरासा हलला.

काही आठवड्यांनी तो न कळवता आला तेव्हा खोलीत कानठळ्या बसत होत्या. लेथवरून पोलादाचा किस गुंडाळ्या होऊन खाली पडत होता. मुलं एकमेकांवर ओरडत होती. दारापाशी आम्ही एक फळी ठोकली होती आणि तिच्यावर बिघडलेले नग मांडायला लागलो होतो. फळी आधीच वाकली होती. वेल्डिंगच्या कोपऱ्यात लवंगी होती. अंगाने काडी आणि जिभेने तिखट, म्हणून सगळी शाळा तिला लवंगीच म्हणते. तिचा रॉड पट्टीला चिकटून बसला होता.

"साहेब, मागे सरा. डोळे जातील," तिने काचेआडून दटावलं. तो मुकाट मागे सरला.

"जोड बिघडला का?"

"बिघडला की. पण कालचा बघाल तर आजच्यापेक्षा भिकार होता."

तो मोठ्याने हसला. त्या कोपऱ्यात तासभर उभा राहिला. मग कोट खुंटीला अडकवून त्याने एका मुलाकडून रंधा मागून घेतला आणि पहिल्याच फटक्यात फळीचा कोपरा उडवला.

"द्या इकडे," मी म्हणाले. "हाही फळीवर ठेवते. तपासणीला लागतो."

"खाली नाव लिहू नका म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी आम्ही बसथांब्यापर्यंत बरोबर चालत गेलो. मग पुन्हा एकदा. उरलेल्या नोंदी करायला तो परत आला होता. त्या नोंदी एका बैठकीत संपल्या असत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो खूप प्रश्न विचारायचा. ठिणगी विझताना तांबडी का होते? लाकूड ओलं असलं की करवत का अडते? मी उत्तर देत असताना तो ऐकायचा, म्हणजे खरोखर ऐकायचा. एकदा मी विचारलं, "तुम्ही या कामात कसे आलात?"

"आमच्या शाळेतही अशी खोली होती," तो म्हणाला. "कुलूप लावलेली. मी खिडकीतून बघायचो."

घरी दादाच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्याला चेहरे दिसत नाहीत, पण आवाज नेमका कळतो.

"काय गं ठमे, हल्ली भांडी घासताना गुणगुणतेस."

"काहीही हं, दादा!"

"तपासणी चालू आहे म्हणे. कोण कुणाची करतंय?"

मी त्याच्यावर ओला हात झटकला.

मग एके दिवशी थांब्याजवळच्या टपरीवर त्याने चहा सांगितला आणि प्याला नाही.

"मला अहवाल लिहिता येत नाहीये," तो म्हणाला.

"काही कमी आहे का?"

"नाही. सगळं चांगलंच दिसतंय. अडचण तीच आहे." त्याने पेला टेबलावर गोल फिरवला. "पूर्वी शाळेतून निघालो की ती शाळा डोक्यातून जायची. आता—"

"आता?"

"आता घरी पोचलो तरी हा थांबा डोक्यात असतो."

समोरून एक बस आली, थांबली, गेली. आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.

"दोन वाटा आहेत," तो म्हणाला. "एक, अहवाल मीच लिहितो आणि मंजुरी येईपर्यंत आपण एक शब्द बोलायचा नाही. दुसरी... मी वर कळवतो की या केंद्राबद्दल मला तटस्थ राहता येत नाही. मग फाइल कात्रीबाईंकडे जाईल."

कात्रीबाई हे त्यांचं खरं नाव नव्हतं. त्या जिथे गेल्या तिथलं काही ना काही कापलं गेलं, म्हणून हे नाव पडलं होतं. त्यांच्या एका भेटीनंतर शेजारच्या शाळेतलं अख्खं केंद्र उठलं होतं.

"पहिली वाट सुरक्षित आहे," तो म्हणाला. "मुलांसाठी." त्याने पेला बाजूला सारला. "दुसरी माझ्यासाठी आहे. म्हणून ती मी निवडू शकत नाही."

मला पहिलीच हवी होती. अगदी जिभेवर आलं होतं. चार ओळींचा चांगला अहवाल, आणि लवंगीच्या हातातली काच तीन वर्षं पक्की.

"तराजूचा काटा सरकलाय हे माहीत असताना त्यावर वजन करत नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "आणि तराजू गप्प बसला म्हणून काटा जागेवर येत नाही. कळवा त्यांना. येऊ द्या कात्रीबाईंना."

"आणि केंद्र गेलं तर?"

"तर..." मी त्याचा गार झालेला चहा पुढे ओढला आणि पिऊन टाकला.

मोठ्या बाईंनी डोक्याला हात लावला. "हातातोंडाशी आलेला घास! डोकं फिरलंय का गं तुझं?" मी ऐकून घेतलं. घरी दादाला सांगितलं तेव्हा त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तुला आवडतो का तो?"

"हो."

"मग अख्खं केंद्र पणाला लावून सांगायची ही कुठली रीत? लोक फुलंबिलं देतात."

मी हसले आणि हसता हसता रडू फुटलं. थोपटायला त्याने हात पुढे केला. तो आधी खांद्यावरून निसटला, मग माझं डोकं त्याला सापडलं.

कात्रीबाई आल्या त्या चालत्या तासात. ठेंगण्या, हातात मिटलेली छत्री. नमस्काराला मान हलवली, तेवढंच. लेथपाशी थांबल्या, वायरिंग तपासलं, बिघडलेल्या नगांच्या फळीसमोर उभ्या राहून एकेक नग उचलून उलटा करून पाहिला. मग वेल्डिंगच्या कोपऱ्यात स्टुलावर जाऊन बसल्या. तास संपत आला तरी उठेनात. दोनदा खोकल्या. मग छत्रीचं टोक वर केलं.

"धूर कुठे जातो?"

सगळ्यांनी वर पाहिलं. त्या कोपऱ्यावरचं छत काजळीने काळंकुट्ट झालं होतं. खिडक्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या.

"लेथ, सुतारकाम, वायरिंग उत्तम आहे. तीन वर्षांची शिफारस करते," त्या उठत म्हणाल्या. "वेल्डिंग बंद. धूर ओढणारा पंखा बसेपर्यंत. आजपासून."

"बाई, माझा जोड अर्धाच झालाय," लवंगी म्हणाली.

"राहू दे अर्धा. तुझी छाती शाबूत राहू दे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही विज्ञानाच्या ना?"

एवढंच. पण मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

फाइल उघडी असेपर्यंत त्याला शाळेच्या फाटकाच्या आत यायची परवानगी नव्हती. तो रस्त्यापलीकडे वह्यांच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभा होता. मी जाताच त्याने माझा चेहरा पाहिला.

"गेलं?"

"राहिलं. वेल्डिंग बंद केलं." मी का ते सांगितलं.

पत्र्यावरून पाण्याची एक धार आमच्या दोघांच्या मधे पडत होती.

"तिथे मी तासभर उभा होतो," तो म्हणाला.

"हो."

"माझ्या डोक्यावरच होतं ते. मी वर पाहिलंच नाही."

"मग कुठे पाहत होतात?"

मला चेष्टेत विचारायचं होतं. तसं झालं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला ते सोसेना.

"मी ते पास केलं असतं," तो म्हणाला. "मुलांनी तीन वर्षं तो धूर घेतला असता. माझ्या सहीने."

"म्हणून तर तुम्ही नको होतात," मी म्हणाले. "आणि... मी तर तिथे रोज असते. छत काही एका दिवसात काळं झालं नाही."

"तुम्हालाही दिसलं नाही?"

"नाही."

"का?"

शाळेची घंटा झाली. फाटकातून मुलं बाहेर पडायला लागली. लवंगीने आम्हाला पाहिलं, आणि कधी नव्हे ती न बोलता पुढे गेली.

"कारण तुम्ही न कळवता येणार होतात," मी म्हणाले. "इतके दिवस मी फक्त दाराकडे बघत होते."

त्याने पाण्याच्या धारेतून हात पुढे केला. मी धरला. आम्हाला दोघांनाही आनंद झाला होता आणि दोघांनाही लाज वाटत होती, आणि यातलं काही वेगळं काढता येत नव्हतं. हात न सोडता आम्ही तिथेच उभे राहिलो आणि रस्त्यापलीकडे, शाळेच्या मागून डोकावणाऱ्या त्या खोलीच्या, धुराला वाट नसलेल्या छपराकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.