पाहून राहिलो

अकोल्याहून मुलगी पाहायला पाहुणे यायचे होते, आणि मुलीचा बाप हिमालय पाहायला गेला होता.

अमरावतीजवळच्या वलगावात हिमालय कुठून आला, असं विचाराल तर सांगतो. गावाबाहेर ‘गंमतनगरी’ नावाचं एक ठिकाण आहे. घसरगुंड्या, खोटा समुद्र, तिकीट काढून ओलं व्हायचं. तिथल्या मालकाच्या डोक्यात आलं की वऱ्हाडातल्या माणसाला खरी हौस कशाची असेल, तर थंडीची. म्हणून त्यानं शेजारची संत्र्याची बाग घेतली, झाडं पाडली आणि नवा भाग काढला. नाव ‘बर्फगाव’. सिमेंटचे डोंगर, डोंगरावर यंत्रातून पडणारा बर्फ, बर्फावरून घसरायच्या गाड्या. भोवती पत्र्याचं कुंपण उभं राहिलं, आणि पत्र्याच्या आत काय चाललंय या एका प्रश्नानं अर्धा जिल्हा कामाला लागला.

वामनराव त्यातले पुढारी. झेंडूचा मळा, साठीला टेकलेलं वय, तसा शुद्धीवरचा माणूस. पण मोबाइलवर ‘बर्फगाव कुठवर आलं’ नावाचा गट निघाला आणि माणूस हातचा गेला. गटात अमरावतीची पोरं, अकोल्याचे रिकामटेकडे, पार धारणीहून एक मास्तरसुद्धा. रोज फोटो. ‘आज हिमालयाले पांढरा हात मारला.’ ‘क्रेन आली.’ ‘क्रेन गेली.’ एकदा आत मोठा खड्डा दिसला तर आठवडाभर रणकंदन. अकोल्याचा श्रावण म्हणे गोठलेलं तळं, वामनराव म्हणत अस्वलाची गुहा. शेवटी निघाली संडासाची टाकी. तरी दोघांपैकी हरलं कोणी नाही.

शकुनबाईचं, म्हणजे वामनरावांच्या बायकोचं, डोकं या सगळ्यानं पिकलं होतं. एक तर स्वतःच्या घरावरची खोली अर्धी बांधून पडलेली. भिंती कमरेएवढ्या, सळया आभाळात, जिन्याचा पत्ता नाही. “दुसऱ्याचं बांधकाम रोज पाहता, आपल्याकडं एक डाव तरी पाहा!” हे तिचं रोजचं वाक्य. दुसरं म्हणजे ऊन. गेल्या उन्हाळ्यात वामनरावांना ऊन लागलं होतं, सलाइनवर पडले होते, डॉक्टरनं बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर माझ्याकडं आणू नका, सरळ नातेवाइकांना बोलवा. तरी हा बाबा भर दुपारीच जायचा. का, तर मजूर तेव्हा सावलीला झोपतात, फोटोत कोणी मधे येत नाही! शेवटी शकुनबाईनं हार मानली आणि रोज त्याच्या खिशात कांदा घालून द्यायला लागली. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, हे वऱ्हाडात पाळण्यातल्या लेकरालाही माहीत.

तरी फोटोत एक माणूस मधे येतच होता. हिमालयाच्या कडेला, डोक्या-तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून, कपाळावर हात आडवा धरून उभा. गटात सगळे जळत होते. आत शिरला कसा? कोणाच्या वशिल्यानं? प्रत्येकाला वाटे, दुसऱ्याचा माणूस आहे. त्याला ‘आतला मेंबर’ म्हणत आणि दातओठ खात.

वलगावातली म्हातारी माणसं मात्र फोटो पाहून मोबाइल पालथा ठेवत. कारण कुंपणाबाहेरच्या मातीच्या टेकाडावर सगळ्यांत आधी बसायचा तो बुधाजी. पाडलेल्या बागेचा राखणदार. बाग गेली, काम गेलं, मग आता इथं काय उगवतंय ते तरी पाहावं म्हणून रोज येऊन बसायचा. कोणी विचारलं, काय बुधाजी? की म्हणे, “पाहून राहिलो.” एकदा पुण्याचा नवा इंजिनिअर त्याला हसून म्हणाला, “आजोबा, पाहून झालं की जायचं असतं. राहायचं कशाला?” बुधाजी हसला नाही. त्यानं ते मनावर घेतलं असावं. गेल्या मे महिन्यात दुपारी बकऱ्या घेऊन जाताना माणिकबाईनं विचारलं, काय बुधाजी? वरून उत्तर आलं, पाहून राहिलो. संध्याकाळी लोक उठवायला गेले तर आंग लाकूड. डॉक्टर म्हणाला, ऊन लागून सकाळीच गेला. माणिकबाई अजून शपथ घेते. डॉक्टरही घेतो.

तर पाहुणे यायच्या त्या दिवशी शकुनबाई नवऱ्याला आणायला निघाली. हातात नुसती ताकाची बाटली. मनात शिव्या मात्र भरपूर.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं. दूरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. उन्हाची लू चालली की कुंपणाचे पत्रे ‘धब्... धब्...’ वाजायचे आणि थांबले की असं वाटायचं, आतून कोणी हात टेकून ते थांबवलेत.

टेकाडावर तो बसला होता. उकिडवा, पाठमोरा, डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. आता मे महिन्यात अख्खा वऱ्हाड असाच गुंडाळलेला असतो, त्यात नवरा कोणता आणि शेजारी कोणता हे पाठीवरूनच ओळखावं लागतं. एक हात कपाळावर आडवा.

“सापडले!” शकुनबाई खालूनच कडाडली. “अवो, पाहुणे येऊन राहिले घरी! आन् तुमी इथं काय करून राहिले?”

“पाहून राहिलो.”

“पाहून राहिलो म्हणे! पोरीले पाहायले लोकं अकोल्याहून येते, आन् बाप सिमेंटच्या ढिगाऱ्याले पाहून राहिला! भैताड म्हणतीन लोकं!”

ती तरातरा चढली. अर्ध्यात पोहोचली आणि ऊन संपलं. सावली नव्हती, ढग नव्हता, पण आंगावरचा घाम एकदम गार पडला. आत बर्फाचं यंत्र सुरू केलं असेल, तिला वाटलं. ओल्या सिमेंटचा वास होता. आणि त्याच्या खालून दुसरा एक, गोड, संत्र्याच्या फुलोऱ्याचा. मे महिन्यात. जिथं झाड उरलं नव्हतं तिथं.

“घ्या, ताक घ्या.”

हात पुढं आला नाही.

“कांदा ठेवला होता ना खिशात?”

पत्रे वाजायचे थांबले होते. मग दुपट्ट्यातून, विहिरीतून यावा तसा आवाज आला.

“नाई... त्या दिवशी इसरलो...”

“कोन्त्या दिवशी?”

“झालं का?... बांधून झालं का?”

इथं शहाण्या बाईनं गप्प उतरायला हवं होतं. पण वैतागलेली बाई आणि शहाणी बाई एका वेळी एका जागी सापडत नाहीत. शकुनबाईच्या तोंडून सगळ्या उन्हाळ्याचं साचलेलं बाहेर पडलं.

“नाई झालं! आन् इथं बसून होणार बी नाई! एवढंच पाहायचं हाय तं घरी वरची खोली अर्धी पडली, थे पाहा ना बसून! कोन नाई म्हणते? चाला घरी! चाला म्हणते ना!”

त्याची मान हलली. हिमालयावरची नजर निघाली आणि सावकाश, फार सावकाश, गावाकडं वळली. कपाळावरचा हात मात्र तसाच.

“येतो...” तो म्हणाला.

तेवढ्यात तिच्या कमरेचा मोबाइल वाजला.

“अवं, कुठं हिंडून राहिली तू?” पलीकडं वामनराव. “मी आंघोळ करून बसलो. शेजारच्या अनुपच्या गाडीवर मागच्या रस्त्यानं आलो. ते इस्त्रीचं धोतर कुठं ठेवलं?”

शकुनबाईला धोतर ऐकूच गेलं नाही.

“कांदा... कांदा कुठं हाय तुमचा?”

“हा काय, हातात. काहून?”

ताकाची बाटली पायापाशी फुटली. तिनं मान वर केली. टेकाडावर कोणी नव्हतं. आणि तो बसलेला होता, त्यापेक्षा हे वाईट होतं. कारण तो येतो म्हणाला होता.

घरी ती धावत आली. वामनराव धोतर नेसून, भांग पाडून, सोज्वळ बसलेले. त्यांच्या दंडाला तिनं दोनदा चिमटा काढला. दोन्हीदा ते ओरडले. मग तिला जरा बरं वाटलं. सांगायला वेळच नव्हता. फाटकाशी गाडी थांबली होती.

मुलगा मनोज, त्याचे आईवडील. बसल्या बसल्या अकोल्यात जास्त तापते की अमरावतीत, यावर दोन्ही बापांची जुंपली. लग्न मोडलं असतं तर त्या एका मुद्द्यावर मोडलं असतं. वर्षालीनं चहा आणला, मनोजनं कपात पाहत तिच्याकडं पाहिलं, सगळं रीतीनं झालं. मधेच वामनरावांचा मोबाइल वाजला. त्यांनी चोरून पाहिला आणि न राहवून बोललेच, “श्रावणनं आत्ताचा फोटो टाकला. आतला मेंबर आज दिसत नाई म्हणे. गेला वाटते कुठं.”

शकुनबाई उठून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग वर्षाली.

“आई, एक कप कमी पडला.”

“काहून? मोजून तं ठेवले होते.”

“ते काका नाई का, पाहुण्यांसोबतचे. ओट्यावर उभे होते, तोंडाले दुपट्टा. म्हटलं आत या. तं म्हणे, पाहून राहिलो. मग तिथंच दिला चहा.”

“आन् मग?”

“कप घेऊन वर गेले. खोली पाहतो म्हणे.”

“वर...? कुठून गेले, वर्षाली?”

“कुठून म्हणजे, जिन्या...”

पोरगी तिथंच थांबली. जिना अजून बांधायचाच होता.

शकुनबाई मागच्या दारानं निघून, वळसा घालून पुढच्या अंगणात आली. समोरच्या दारावरच्या छज्ज्यावर, बाहेर आलेल्या दोन सळयांच्या मधे, कप ठेवलेला होता. जपून, बशीवर. वरच्या अर्ध्या भिंतीमागं काही दिसत नव्हतं. वास मात्र येत होता. ती स्टुलावर चढली, डोळे मिटून हात लांबवला आणि कप काढला. चहा भरलेलाच होता. त्यावर साय होती, म्हणून तिनं बोटानं बाजूला सारायला पाहिली. सरकली नाही. बोटाला चटका बसला, गारठ्याचा. चहावर बर्फ धरला होता.

तोवर पाहुणे निघायला ओट्यावर आले. शकुनबाईनं कप पदराआड धरला आणि हसरं तोंड केलं. मनोजच्या आईनं तिचा हात धरला. पोरगी पसंत होती, ते त्या हातावरूनच कळलं. मग मुलाकडच्या बाईनं निघताना जे म्हणायचं असतं, तेच ती म्हणाली. दारात उभं राहून, मोकळ्या मनानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“आता तुमी सगळ्यांनी आमचं घर पाहायले या बरं. वरचा मजला बांधून राहिलो आमी. काम अर्धंच हाय, पर या पाहायले.”

“नको!” शकुनबाईच्या तोंडून निघून गेलं.

मनोजची आई चमकली. पण त्याआधीच, बरोबर डोक्यावरून, उत्तर आलं होतं.

“येतो...”

“या, या!” मनोजचे वडील खूश होऊन वामनरावांना म्हणाले.

शकुनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. वामनरावांचे दोन्ही गाल पानानं फुगलेले होते आणि ते नुसती मान हलवत होते. गाडी वळली, फाटकाबाहेर पडली. पदराआडच्या कपातला बर्फ आवाज करून तडकला, आणि संत्र्याच्या फुलांचा वास गाडीमागं अकोल्याच्या रस्त्याला लागला.