किशनरावांच्या खांद्यावरची थाप

रात्र नव्हती.

हे आधीच सांगतो. रात्र म्हटली की लोक हसण्यावारी नेतात.

गेला गुरुवार. जिंतूरपासून अकरा किलोमीटरवर मामांचा मळा. दुपारचे बारा. मी स्वतः तिथे होतो.

रायभानमामा छत्रीधारी पलटणीतले. विमानातून उडी मारून लढाईत उतरणारे. हवालदार होऊन निवृत्त झाले, आता मेंढ्या सांभाळतात. पलटणीचा इतिहास छापला जाणार आहे. नावाजलेल्या जवानांत मामांना अख्खं पान. ते लिहायला मी, त्यांचा भाचा शिवशंकर.

"लिहा, लिहा," सुगंधामामी म्हणाल्या. "इमानातून उडी मारली म्हणं. घरच्या हिरीत उतर म्हणलं तर पाय लटलट कापतेत."

मामा हसले नाहीत. त्यांचा मुलगा मल्हारही त्याच पलटणीत. त्या दुपारी त्याची पहिली उडी होती.

मामी घरात गेल्या. मी लिहून आणलेलं पान मामांना वाचून दाखवू लागलो.

'उडीआधी जवान विमानात एका रांगेत उभे राहतात. मागचा पुढच्याची छत्री आणि ती उघडणारी दोरी तपासतो, खांद्यावर थाप मारतो, ओके म्हणतो. मग तो त्याच्या पुढच्याची तपासतो. रायभान यांच्या पुढे ताडकळसचे किशनराव उभे होते. दुर्दैवाने किशनरावांची छत्री

"थांब," मामा म्हणाले.

वाक्य तिथेच तुटलं.

मेंढ्या रवंथ करायच्या थांबल्या. बाभळीवर होला घुमत होता, तोही...

थाप.

मामांच्या उजव्या खांद्यावर. सदऱ्यातून धूळ उडाली. मी पाहिली.

मागे कुणी नव्हतं. नुसतं नांगरलेलं रान.

मामा ताठ उभे राहिले. मागे वळले नाहीत.

"आता ओके म्हनल," ते पुटपुटले.

आम्ही वाट पाहिली.

...

...

ओके आलं नाही.

मामांचे ओठ पांढरे पडले. ते बोलू लागले. माझ्याशी नाही.

"किशन, मी बघितलंच न्हाई रे. लय घाई होती. नुसती थाप मारली अन् ओके म्हनलो. बघितलं असतं तर दोरी अडकल्याली दिसली असती. माजी चूक हाय. माज्या लेकरावर नको काढू..."

मग माझ्यावर ओरडले, "लिही! असंच लिही! लवकर!"

तुटलेल्या वाक्याचं पुढचं खोडून मी तसंच लिहिलं.

शेवटचा शब्द झाला आणि एक मेंढी शिंकली. होला पुन्हा घुमू लागला.

दोन वाजता मल्हारचा फोन आला.

"आबा, झाली उडी. पन एक भानगड झाली बगा. माज्या मागच्या गड्यानं थाप मारली, तोंड उघडलं... अन् आवाजच निघंना त्याचा. म्हनून उडी शिकवनारे उस्ताद बघायला आले. माजी दोरी काखेखालून गेल्याली. तसाच उडलो असतो तर..."

"किती वाजता?"

"बाराला."

मामा खाली बसले.

रविवारी आम्ही ताडकळसला गेलो. किशनरावांची बायको धुरपताबाई ओसरीवर ज्वारी निवडत होती. इतकी वर्षं तिला एकच ठाऊक होतं : छत्री उघडली नाही, नवरा गेला, नशीब. मामांनी पान स्वतः तिला वाचून दाखवलं. पुढं गुरुवारचंही सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

तिचे हात थांबले नाहीत. खडे बाजूला, ज्वारी बाजूला.

"त्येनं तुमच्या पोराला वाचवलं म्हना की," ती शेवटी म्हणाली.

"व्हय, वैनी."

"लय भोळा मानूस." तिनं सूप खाली ठेवलं. "मी असते तर ओके म्हनले असते."

ती आत गेली. आम्हाला थांबा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

आज सोमवार. पान अजून माझ्याकडेच आहे. किशनरावांनी माफ केलं, की फक्त मामांकडून वदवून घेतलं... मला कळत नाही.

पाच उड्या झाल्याशिवाय छातीवर पंखांचा बिल्ला लागत नाही.

मल्हारच्या चार बाकी आहेत.